शिंगणापुरातलं दार

जावई म्हणजे दहावा ग्रह, अशी म्हण आहे. बाकीच्या गावांत ती नुसती म्हणायची. शिंगणापुरात नवांपैकी एक ग्रह चौथऱ्यावर कायमचा उभा, त्यामुळे ग्रहाशी कसं वागावं हे तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. शनिवारी तेल घालायचं, लबाडी करायची नाही आणि घराला दार लावायचं नाही. देव स्वतः उघड्यावर उभा आहे, डोक्यावर छप्परसुद्धा घेत नाही. त्यानं राखण करायची आणि आपण आत कडी घालून बसायचं, हा त्याचा अपमान झाला. गहिनीनाथानं साठी गाठेपर्यंत हे सगळं चोख सांभाळलं होतं. दहाव्या ग्रहाचं मात्र असं काही ठरलेलं नव्हतं. त्याला काय चालतं आणि काय नाही, हे त्याची गाडी वेशीतून आत आल्यावरच कळायचं.

गाडी अँबेसिडर होती, कुणीतरी वापरून विकलेली, रंग दूध कमी पडलेल्या चहाचा. जावयाचं नाव बन्सी. पुणतांब्याला गोदावरीच्या काठी त्याचा उसाचा मळा होता. वडील नव्हते, घरात आई मुक्ताबाई होती आणि तिच्या शब्दाबाहेर तो जात नसे. गहिनीनाथाची एकुलती एक लेक छबू त्याला दिलेली. पोरीनं नशीब काढलं असं सगळं गाव म्हणालं, आणि गहिनीनाथही म्हणाला, कारण लग्नात दुसरं काही म्हणत नाहीत.

पहिल्या दिवाळीला दोघं गाडीनं आली. बन्सीनं पाय धुतले, चहा घेतला आणि घराला एक फेरी मारली. पुढं चौकट होती, उंबरा होता, वर झेंडूचं तोरण होतं, आणि मधे जे असायला पाहिजे ते नव्हतं. मागच्या बाजूलाही तेच.

"मामा, गाडी कुठं लावायची?" त्यानं विचारलं.

"हाय तितंच ऱ्हाऊ द्या की. लिंबाखाली."

"आन् रातच्याला?"

"रातच्याला बी लिंब तितंच आसतो," गहिनीनाथ म्हणाला. ही चेष्टा नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

बन्सी ती रात्र गाडीत झोपला, काचा वर करून. सकाळी बाहेर आला तेव्हा तो उकडलेल्या कणसासारखा दिसत होता. पाडव्याला दुपारीच तो छबूला घेऊन निघाला. छबूच्या आईनं, मालनबाईनं, करंज्यांचा डबा गाडीत ठेवला, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर ती चुलीपुढं बसून पदरात तोंड घालून रडली. त्यानंतर छबू माहेरी यायची ती सकाळी यायची आणि दिवेलागणीच्या आत परत जायची. मुक्कामाचं नाव काढलं की बन्सी गाडीकडं बोट दाखवायचा. बिनदाराच्या गावात गाडी रात्रीची ठेवायची नाही, एवढंच त्याचं म्हणणं. छबू त्या वेळी दुसरीकडं बघत उभी असायची.

बहात्तरचा दुष्काळ सरला, पुढच्या साली पाऊस बरा झाला आणि छबूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणी कुणाला विचारायचं नसतं. तरी पुणतांब्यात ओटीभरणाच्या दिवशी बन्सी सासऱ्याला बाजूला घेऊन गेला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "मामा, गाडीला एक खोली पायजे. दाराची. म्हंजे मला बी मुक्काम करता ईल. त्याबिगर छबूला तिकडं ठिवायला मन घेत न्हाई."

मुक्ताबाई पानाला चुना लावत होती. ती वर न बघता म्हणाली, "न्हाईतर आमी करतो की हितंच बाळंतपन. सून काय आमाला जड न्हाई."

बोलणं गोड होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. लेकीचं पहिलं बाळंतपण सासरी झालं तर चार गावं बापाला काय म्हणतील, हा झाला एक भाग. दुसरा भाग असा, की छबू गेल्यापासून गहिनीनाथाला घरात करमत नव्हतं. बाप माणसाला हे बोलून दाखवता येत नाही, म्हणून तो बैलांवर ओरडायचा. बैलांना ते कळलं असावं, कारण त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं. मालनबाईनं ऐकून घेतलं.

"मला माजी लेक घरात पायजे," ती म्हणाली. "खोली बांदा, दार लावा, न्हाईतर ती गाडी गिळा. काय करायचं त्ये करा."

खोली बांधायला कुणाचीच हरकत नव्हती. भिंतीचं देवाला वावडं नाही. अडचण दाराची होती, आणि ती एकट्यानं सोडवण्याइतका गहिनीनाथ धीट नव्हता. त्यानं ती पारावर मांडली.

पारावर कारभारी तात्या बसलेले असत. गावात वयानं सगळ्यांत वडील. वाद कितीही साधा असो, तो बुडापासून उकरायचा त्यांना नाद होता.

"आदी मला ह्ये सांगा," तात्या म्हणाले, "गाडी म्हंजे मानूस का जनावर?"

यात बराच वेळ गेला. चालते म्हणजे जनावर, असं एक मत पडलं. पण ती वैरण खात नाही. पेट्रोल पिते, असं सहादेव म्हणाला. हा सहादेव तालुक्याला जाऊन-येऊन असे, त्यामुळे यंत्राच्या बाबतीत त्याला विचारायची पद्धत होती. जनावर धरलं तर गोठा आला, आणि गोठ्याला दार नसतं, आडवा बांबू असतो. पुणतांब्याच्या जावयापुढं आडवा बांबू टाकणं बरं दिसणार नाही, हे सगळ्यांना पटलं.

मग गहिनीनाथालाच आठवलं. "खुराड्याला दार आसतंय," तो हळूच म्हणाला.

खरं होतं ते. दार नसलेल्या गावात घरोघर कोंबड्यांचं खुराडं होतं, आणि प्रत्येक खुराड्याला दार होतं, कडीसकट. पिढ्यान् पिढ्या ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होतं आणि त्याचा कुणाला त्रास झाला नव्हता.

"त्ये मुंगसासाठी," तात्या विचार करून म्हणाले. "चोराला देव बगून घेतो. मुंगसाला देव काय करनार? त्याला पाप कळत न्हाई."

तिथून पुढं निकाल सोपा होता. माणसासाठी दार लावायचं नाही. जनावरासाठी लावलं तर चालेल. गाडीच्या खोलीला लागेल ते दार कुत्र्यासाठी असेल, कारण कुत्रं चाकावर तंगडी वर करतं. कडी एकच, तीही बाहेरून. कुलूप नाही. "कुत्र्याला कुलूप कशाला?" तात्या म्हणाले, आणि सगळे उठले. त्या खोलीची एक वीटही अजून रचली नव्हती, पण तिचं नाव त्याच दिवशी खुराडं पडलं.

खोली झाली. आता दार निवडायचं. ज्यानं जन्मात दार घेतलं नाही त्यानं ते कसं निवडावं? बैल घेताना दात बघतात, गाय घेताना कास बघतात. दाराचं काय बघायचं, हे सांगणारं गावात कुणी नव्हतं. गहिनीनाथाच्या मनात एवढंच पक्कं होतं, की दार जितकं कमी होईल तितकं बरं. पहिल्यांदा त्यानं कडब्याची ताटी बांधली आणि ती चौकटीला टेकवून ठेवली. मालनबाई कमरेवर हात ठेवून ताटीपुढं उभी राहिली.

"ह्ये दार?"

"कुत्र्याला बास हाय."

"आवो, जावयाला बास हाय का? कुत्र्याचे लाड तुमी सवडीनं करा."

ताटी पुढं गाईनं खाल्ली, त्यामुळे तो वाद तिथंच मिटला.

मग तो नगरला लोखंडी शटर बघायला गेला. ते बनवणारा माणूस उत्साही होता. "बघा काका, एका हातानं येतं," असं म्हणत त्यानं ते खाली ओढलं. खडीचा ट्रक रिकामा व्हावा तसा आवाज झाला आणि अंधार पडला. गहिनीनाथ आतल्या बाजूला होता. साठ वर्षांत त्याला कुणी कोंडलं नव्हतं. तो ओरडला वगैरे नाही. "बगितलं, उगडा," एवढंच म्हणाला, पण जरा घाईनं म्हणाला. बाहेर आल्यावर त्यानं पाणी मागून घेतलं, घरी विचारून सांगतो म्हणाला आणि जी पहिली एसटी दिसली ती पकडली. ती पाथर्डीची निघाली. वाटेत उतरून त्याला परत यावं लागलं.

या सगळ्यातून त्याला एक शक्कल सुचली. जावयाला कसलं दार आवडतं हे बघायचं, तर जावयाच्याच घरचं बघावं. राहुरीला रेल्वे धरून तो पुणतांब्याला गेला. घराचं दार बंद होतं. बंद दारापुढं काय करतात ते त्याला नीटसं माहीत नव्हतं, म्हणून तो रस्त्यात उभा राहून "छबे!" असं ओरडला. शेजारच्या घरांतून चार बायका बाहेर आल्या, मग छबू आली.

"आबा, दार वाजवायचं की!"

"दारानं काय घोडं मारलंय माजं?" गहिनीनाथ म्हणाला.

छबू अंगानं भरली होती, चेहरा उजळला होता. तिला बघून त्याला इतकं बरं वाटलं, की तो कशाला आला होता हे क्षणभर विसरला. ती त्याला आत घेऊन आली, आईची चौकशी केली, गाय व्याली का विचारलं, आणि बोलता बोलता तिचा डावा हात मागं गेला आणि त्यानं दाराची कडी घातली. तिनं तिकडं बघितलंही नाही. दूध उतू जायला लागलं की बाईचा हात आपोआप जातो, तसा तो गेला. गहिनीनाथाला ते कुठंतरी खटकलं. पण तो गाडीच्या दारासाठी आला होता, घराच्या नाही. त्यानं ते सोडून दिलं.

बन्सीच्या गाडीखोलीला सागवानी दार होतं, दोन फळ्यांचं, पिवळ्या रंगाचं, पितळी मुठींचं. गहिनीनाथानं ते उघडून बघितलं, लावून बघितलं, उपरण्यानं मापलं. एवढं दार शिंगणापुरात लावलं तर देवाला चौथऱ्यावरून दिसेल, असं त्याला वाटलं.

दुपारी जेवण झाल्यावर छबूनं सोप्यात सतरंजी टाकली, दार लोटलं, कडी घातली आणि "पडा जरा" म्हणाली. गहिनीनाथ पडला. डोळे मिटले की नगरचं शटर दिसायचं. शेवटी तो उशी काखेत मारून बाहेर गेला आणि अंगणात गाडीच्या सावलीत लवंडला. छबू पोटाला हात लावून हसत बाहेर आली.

"दार लावल्याव तुमाला झोप न्हाई व्हय, आबा?"

"कशी ईल? दार लावलं की मानूस झोपनार, का कोन येतंय म्हून ऐकत बसनार? आपल्या गावचा मानूस कुठंबी पाठ टेकतो आन् घोरतो. का? तर त्याला राखायचं काय नसतं."

छबूचं हसू ओसरलं. ती काहीतरी बोलणार होती, पण आतून मुक्ताबाईनं हाक मारली आणि ती गेली.

दार करायला वडाळ्याचा शांतवन मिस्त्री बोलावला. त्याच्या घरात सुतारकाम आज्यापासून चालत आलेलं. शिंगणापुराला त्यांनी खाटा दिल्या, पाट दिले, बैलगाड्या दिल्या, दार मात्र कधी दिलं नव्हतं. ज्या गावात बापानं कधी दार बसवलं नाही तिथं आपण बसवणार, या आनंदात शांतवन रविवारची चर्चमधली उपासना आटोपून तडक आला.

"पाटील, सागवानी करू," तो म्हणाला. "दोन फळ्या, वर कमान, आन् कमानीत द्राक्षाचा येल कोरतो. आमच्या शास्त्रातला येल हाय, कुनाला बादनार न्हाई."

"येल नगं."

"मग मोर?"

"कायबी नगं. लांबनं बगितल्याव दार हाय आसं वाटूच नये, आसं कर."

शांतवनानं हातातला रंधा खाली ठेवला. "पाटील, दार कमी-जास्त नसतंय. आसतं, न्हाईतर नसतं."

अखेर बाभळीवर ठरलं. बाभळीच्या फळ्या, आडव्या पट्ट्या, रंग नाही, नक्षी नाही.

"उगडायचं कसं? आत का भाईर?"

"आत," गहिनीनाथ म्हणाला. पाहुणा आत येतो, तेव्हा दारही आत यावं, असा त्याचा हिशेब.

"आन् मग गाडी कुठं उबी करनार? दाराच्या डोक्याव?"

"मग भाईर."

"कडी भाईरनं. आतनं आडना देऊ का?"

"आडना कशाला? आत कोन ऱ्हानार हाय? गाडी."

हे शांतवनाला पटलं. दार बसलं त्या दिवशी निम्मं गाव बघायला आलं. आक्काबाई नावाच्या म्हातारीनं दाराला हात लावून पाहिला आणि तो हात लुगड्याला पुसला. कारभारी तात्यांनी दोन्ही फळ्या उघडल्या, मिटल्या, कडी घातली, काढली, आतून कुठं काही लपवलेलं नाही ना याची खात्री करून घेतली. कुणीतरी कुत्रंही आणलं होतं. कुत्र्यानं बंद दाराचा वास घेतला आणि त्यावर तंगडी वर केली. चाकं वाचली, म्हणजे दार कामाला लागलं, असं तात्यांनी जाहीर केलं.

पुढच्या शनिवारी गहिनीनाथ देवाला तेल घालून आला. देवाला त्यानं दाराबद्दल काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळायची भीती होती.

पुणतांब्याला निरोप गेला आणि उन्हं कलता कलता गाडी आली. मालनबाईनं लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत तिला आत नेलं. गहिनीनाथानं दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या आणि कचेरीतल्या शिपायासारखा तो बाजूला उभा राहिला.

"घ्या आत, जावईबापू."

बन्सी दाराजवळ आला. त्यानं दार बघितलं, "झ्याक झालंय, मामा," म्हणाला, आणि परत जाऊन गाडीतून छबूचं गाठोडं काढू लागला. गाडी लिंबाखालीच राहिली. चहा झाला, गाडी लिंबाखालीच. गहिनीनाथानं एकदा खाकरून बघितलं. जेवणं झाल्यावर त्याला राहवलं नाही.

"जावईबापू, गाडी आत घ्यायची ना?"

"ऱ्हाऊ द्या हो मामा, कोन नेतंय हितनं," असं म्हणून बन्सीनं किल्ली कोनाड्यात ठेवली, ओट्यावर अंग टाकलं आणि तोंड उघडं टाकून तो घोरायला लागला.

गहिनीनाथाच्या अंगाचा तिळपापड झाला. या दारासाठी त्यानं पारावर तोंडाला फेस आणला होता, शटरात कोंडून घेतलं होतं, देवापुढं मान खाली घातली होती. आणि हा दहावा ग्रह गाडी लिंबाखाली टाकून शिंगणापूरच्या माणसासारखा घोरत होता. जावयाला बोलता येत नाही. ग्रहाला तर नाहीच नाही. गहिनीनाथ कूस बदलून झोपला.

तांबडं फुटताना तो धार काढायला उठला तर वासरू मोकळं, गाईची कास रिकामी, आणि खुंट्याचं दावं गायब. शिंगणापुरात चोरी! दार लावलं, आणि देवानं लगेच दाखवून दिलं, असं त्याच्या मनात आलं. दावं शोधत तो घरामागं गेला तर खुराड्याचं, म्हणजे गाडीच्या खोलीचं, दार मिटलेलं. कडी बाहेर तशीच लोंबत होती. त्यानं फळी ओढली. ती वीतभर आली आणि अडली. फटीतून बघितलं तर वासराचं दावं दोन्ही फळ्यांच्या पट्ट्यांना आतून आवळून बांधलेलं.

"कोन हाय आत?"

"मी हाय, आबा."

जन्मात पहिल्यांदा तो बंद दाराशी बोलत होता, त्यामुळे बोलताना कुठं बघावं ते त्याला कळेना. तो कडीकडं बघून बोलला. "हितं काय करतीस?"

"झोपले हुते."

"आन् घरात जागा न्हाई व्हय?"

आतून ती दारापाशी आल्याची चाहूल लागली. मग छबू म्हणाली, "आबा, मला आता दाराबिगर झोप येत न्हाई."

गहिनीनाथ उभा होता तो खाली बसला.

"चोराचं भ्या वाटतंय? हितं?"

"चोराचं न्हाई. देवाव माजा इश्वास हाय. सवय लागली, दुसरं काय न्हाई. कडी घातली नसली की पांगरून सरकल्यावानी वाटतंय सारी रात. पैल्या दिवाळीला मी बसूनच काढली. त्यास्नी गाडीची काळजी वाटली ती तवाच, नवं गाव म्हून. पुढं मीच म्हनले, गाडीचं नाव तसंच चालू ठिवा. तुमाला काय सांगनार हुते मी? शिंगणापूरची लेक, आन् म्हायेरात झोप न्हाई?" फटीत तिची बोटं दिसली. "यायचं तर लई हुतं, आबा. बाळंतपनाला आईपाशीच यायचं हुतं."

लेकी बोले सुने लागे, असं म्हणतात. इथं जे गाडीच्या नावानं चाललं होतं ते सगळं लेकीचं निघालं. गहिनीनाथाला राग आला. मग तो कुणावर काढावा हे सापडेना. जावई सुटला. देव तर पहिल्यापासून सुटलेलाच. आणि ही पोर लहानपणी ह्याच घराच्या उंबऱ्यावर डोकं ठेवून झोपायची, आल्यागेल्याला तिला ओलांडून जावं लागायचं. त्याला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लेक सासरी गेली ती लग्नाच्या दिवशी, अशी त्याची समजूत होती. तसं नव्हतं. ती रोज थोडी थोडी गेली होती, रोज एक कडी घालत, आणि त्याला ते आत्ता कळत होतं.

"सोडू का दावं?" छबूनं आतून विचारलं. "वासरू सुटलं आसंल."

"सुटलंय. दूध बी पिऊन बसलंय. आसू दे. तू झोप."

"आबा."

"काय?"

"हितं खाली, आतल्या अंगाला, कुनीतरी द्राक्षाचं पान कोरलंय. पडल्या पडल्या दिसतंय."

तात्यांनी हे दार आतून तपासलं होतं. खाली वाकून मात्र तपासलं नव्हतं. "आसू दे," गहिनीनाथ म्हणाला आणि उठला.

मालनबाईला त्यानं चुलीपाशी जाऊन चार शब्दांत सांगितलं. तिनं ऐकलं, डोळे पुसले आणि खुराड्यात बाज कुठं टाकायची आणि शेगडी कुठं ठेवायची, याच्या मागं ती लागली. बायकांना असल्या गोष्टी समजून घ्यायला वेळ लागत नाही.

गहिनीनाथानं सायकल काढली. पारावर कारभारी तात्या येऊन बसले होते. त्यांनी विचारलं असतं तर त्यानं खरं ते सांगितलं असतं, लबाडी करायचा प्रश्नच नव्हता. म्हणून त्यानं पार टाळून मागच्या वाटेनं सायकल घातली.

वडाळ्यात शांतवन दारापुढं बसून जू तासत होता. पाटील एवढ्या सकाळी, तेही घामाघूम, हे बघून त्याचा चेहरा उतरला. पान सापडलं, असं त्याला वाटलं असावं.

"काय झालं पाटील? दार बिगाडलं?"

"दार ब्येस हाय," गहिनीनाथ म्हणाला. "आजून एक कडी पायजे. आतनं."

"आतनं?"

"आतनं. घट. आन् हाताला सहज लागंल आशी."

शांतवनानं वाकस बाजूला ठेवली आणि त्याच्याकडं नीट बघितलं. "पाटील, गाडी कुठं आतनं कडी लावती व्हय?"

गहिनीनाथानं डोक्याची टोपी काढली, तिनं तोंडावरचा घाम पुसला आणि ती परत डोक्यावर घातली.

"आमची लावती," तो म्हणाला.